तांबीचं बारदान: मणका, मूत्रमार्ग आणि इस्ट्रोजेन

तांबी ही कारवानी कुत्री. वय सात वर्षं, वजन 23 किलो, तासगाव तालुक्यातल्या एका द्राक्षबागेच्या राखणीला. तीन वर्षांची असताना, एक वेत झाल्यावर, गर्भाशय आणि दोन्ही अंडाशय काढून तिचं निर्बीजीकरण झालेलं. तक्रार एका ओळीची: झोपेत लघवी गळते.

मालकांना मी अण्णा म्हणतो, म्हणून इथंही अण्णाच. फेब्रुवारीत ते तिला घाईघाईनं सांगलीला माझ्या दवाखान्यात घेऊन आले, कारण बेदाण्याचा हंगाम सुरू होता. तांबी झोपते बेदाणा शेडच्या दाराशी, दुहेरी बारदानावर. आत जाळ्यांवर द्राक्षं वाळत घातलेली आणि दारात लघवीचा वास. "माल बघायला आलेला माणूस दारातच नाकाला रुमाल लावतोय," अण्णा म्हणाले. तिला शेडवरून हलवावं तर रात्रीची राखण कोण करणार? शिवाय ती हलली नसती. बांधून ठेवली तर रात्रभर रडते.

दिवाळीच्या आधी, फळछाटणीच्या धांदलीत, ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून उडी मारताना घसरून कंबरेवर पडली होती. दोन दिवस लंगडली, मग चालायला लागली. गळती त्यानंतर काही आठवड्यांनी सुरू झाली. त्यामुळे अण्णांचं निदान तयारच होतं. "मणक्याला मार बसलाय डॉक्टर. नस दबली, म्हणून ताबा गेला."

मुलगा बी. फार्म. करतो. त्याचं निदान वेगळं आणि जास्त वाचलेलं. अंडाशय काढले म्हणजे इस्ट्रोजेन, मादीचं हार्मोन, गेलं. इस्ट्रोजेन मज्जारज्जूला वाचवतं, उंदरांवरच्या प्रयोगांत तसं दिसलंय. मग इस्ट्रोजेन दिलं की लघवीही थांबेल आणि मणकाही भरून येईल. अण्णांना हे एकदम पटलं. "मग गाईला देता तसलं इस्ट्रोजेनचं एक इंजेक्शन मारा की हिला," ते म्हणाले.

वहिनी मागं उभ्या होत्या. त्यांचं वाक्य सगळ्यात कामाचं निघालं. "झोपली की वल्लं हुतंय. उठवली की थांबतंय. पळताना, भुंकताना एक थेंब न्हाई. आन् बांधाला गेली की धार एकदम चांगली." बारदान रोज सकाळी त्याच वाळत घालतात, म्हणून त्यांना माहीत. ओला डागही नेमका कुठं असतो ते त्यांनी हातानं दाखवलं: शेपटीच्या बाजूला, पसाभर जागेत. पूर्ण मूत्राशय रिकामं झालं असतं तर अख्खं बारदान भिजलं असतं.

मणका की झडप

लघवी धरून ठेवणं आणि सोडणं ही दोन वेगळी कामं, आणि दोन्हींच्या तारा मज्जारज्जूतून जातात. कुत्र्यात धरून ठेवणारी एक नस मज्जारज्जूच्या कंबरेकडच्या पहिल्या चार खंडांतून, म्हणजे तुकड्यांतून, निघते. ती मूत्राशय सैल ठेवते आणि मूत्रमार्गाचा आतला भाग आवळते. मांजरात हीच नस एक खंड खालून निघते, दुसऱ्या ते पाचव्या खंडातून. एवढ्या जवळच्या प्राण्यांतही नकाशा जसाच्या तसा नसतो. मूत्राशय आकुंचन पावायला लावणारी नस आणि बाहेरचा स्फिंक्टर, म्हणजे आवळून धरणारा गोल स्नायू, चालवणारी नस या दोन्ही त्रिकास्थीच्या, म्हणजे कंबर आणि शेपटीच्या मधल्या हाडाच्या, खंडांतून येतात. त्या स्नायूच्या चेतापेशींचा पुंजका 1899 मध्ये ओनुफ यांनी वर्णन केला. आजही त्याला ओनुफचं केंद्रक म्हणतात.

कुत्र्याचा मज्जारज्जू कण्यापेक्षा आखूड. त्रिकास्थीचे खंड प्रत्यक्षात कंबरेच्या पाचव्या मणक्यात बसलेले असतात. सातव्या मणक्यापाशी मार लागला तर तिथं रज्जू नसतोच, फक्त खाली उतरणाऱ्या नसांचा झुपका असतो. म्हणून कंबरेच्या अगदी खालच्या टोकाच्या दुखापतीत मूत्राशय ढिलं पडतं, भरलेलं राहतं, वरून दाबलं की लगेच वाहतं, आणि गळती दिवसरात्र चालते. मार त्रिकास्थीच्या खंडांच्या वर असेल तर उलटं: मूत्राशय टणक, भरलेलं, दाबूनही सुटत नाही.

अण्णांना एवढं सगळं सांगितलं नाही. विचारलं इतकंच, की ठिबकला पाणी गळतंय तर व्हॉल्व्ह खराब आहे की मोटारीकडं जाणारी वायर तुटलीय, हे तुम्ही कसं ओळखता? "वायर तुटली तर बाकीचंबी बंद पडतंय," ते म्हणाले. बरोबर. म्हणून बाकीचं तपासलं.

मागचे पाय उलटे टेकवले, तांबीनं क्षणात सरळ केले. गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया दोन्हीकडं नीट. बोट चिमटल्यावर पाय ओढून घेतला आणि वळून माझ्याकडं बघितलंही, म्हणजे संवेदना मेंदूपर्यंत पोहोचते आहे. शेपटीत जोर. गुदद्वाराजवळ चिमट्यानं हलकं टोचलं की स्नायू लगेच आवळला. ही शेवटची तपासणी मिनिटभराची आहे आणि ओनुफच्या केंद्रकाची तार शाबूत आहे की नाही हे तिच्यातून कळतं, तरी गळतीच्या कुत्र्यात ती राहून गेल्याचं पुष्कळदा दिसतं. मग तिला मागच्या पटांगणात फिरवून लघवी करू दिली आणि लगेच नळी घालून उरलेली मोजली. 10 मिलीच्या आतच होती. मूत्राशय पूर्ण रिकामं करणारी कुत्री ही, वायर तुटलेली नव्हे.

लघवीत साखर नाही, पू नाही, घनता चांगली. म्हणजे मधुमेह, संसर्ग किंवा भरमसाट पाणी पिणं ही कारणं बाजूला पडली.

एक गोष्ट मात्र सापडली. सातवा मणका आणि त्रिकास्थी यांच्या सांध्यावर अंगठ्यानं दाबलं की ती कमान करून पुढं सरकायची. एक्स-रेत तिथं हाडाची छोटी चोच वाढलेली. या वयात अशी चोच कित्येक कुत्र्यांत निव्वळ योगायोगानं दिसते. दुखणं मात्र योगायोग नव्हतं. म्हणजे कंबर दुखतेय हे अण्णांचं म्हणणं खरं, आणि गळती तिथून होतेय हे सिद्ध होत नव्हतं. मी दोन वेगळे आजार लिहिले: निर्बीजीकरणानंतरची स्फिंक्टरची अकार्यक्षमता, आणि कंबरेच्या खालच्या सांध्याचं दुखणं.

उंदीर काय सांगतो, मांजर काय सांगतं

मुलाचा मुद्दा इथं नीट घ्यायला हवा, कारण तो पोकळ नव्हता. इस्ट्रोजेन मज्जारज्जूवर काम करतं यात शंका नाही. प्रश्न कोणत्या प्राण्यात, कुठल्या थरात आणि काय, एवढाच.

उंदराच्या मादीत मज्जारज्जूच्या मागच्या शिंगात, म्हणजे वेदनेचे संदेश पहिल्यांदा उतरतात त्या वरच्या थरांत, इस्ट्रोजेनचे रिसेप्टर, म्हणजे ते जिथं चिकटतं त्या जागा, असलेल्या पेशी भरपूर आहेत. त्यांतल्या बऱ्याच पेशी एन्केफॅलिन बनवतात, म्हणजे शरीराची स्वतःची अफू. 1980 मध्ये गिंट्झलर यांनी दाखवलं की गाभण उंदरीची वेदना सहन करायची ताकद विण्याच्या सुमाराला वाढते आणि अफूविरोधी औषधानं ती वाढ थांबते. पुढं कळलं की गाभणपणाइतकं इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन बाहेरून दिलं तरी असाच परिणाम मिळतो, आणि त्याचा मोठा भाग मज्जारज्जूत घडतो. हे मला उपचार ठरवताना उपयोगी पडलं. इस्ट्रोजेननं तांबीची कंबर समजा कमी दुखायला लागली, तरी त्यातून मणका भरून आला असं ठरत नाही. वेदनेचा दरवाजा थोडा लोटला गेला, इतकंच म्हणता येतं.

1972 मध्ये कोमिसारुक आणि सहकाऱ्यांनी अंडाशय काढलेल्या उंदरींना इस्ट्रोजेन दिलं, तर जननेंद्रियाजवळच्या नसेला स्पर्श जाणवणारं त्वचेचं क्षेत्रच मोठं झालं. हा बदल नसेच्या टोकाकडचा, रज्जूच्या बाहेरचा. माजावरची उंदरीण पाठ वाकवून शेपूट बाजूला घेते, तीही निव्वळ रज्जूची करामत नाही. मज्जारज्जू वर छेदला तर ती वाक जाते. इस्ट्रोजेन मेंदूतल्या हायपोथॅलॅमसवर काम करतं आणि तिथून खाली सूट मिळते. म्हणजे एका उंदरातच नस, रज्जू आणि मेंदू असे तीन पत्ते.

मांजरात तर त्याहून नवल. 1997 मध्ये नेदरलँड्समध्ये व्हँडरहोर्स्ट आणि होल्स्टेगे यांनी अंडाशय काढलेल्या प्रौढ मांजरींना इस्ट्रोजेन दिलं. मेंदूच्या देठातून कंबरेच्या चेतापेशींकडं उतरणारे विशिष्ट तंतू माजावरच्या मांजरींत जवळपास नऊपट दाट दिसले, आणि त्यांना वाढीची टोकंही फुटलेली होती. पूर्ण वाढ झालेल्या सस्तन प्राण्यात, रक्तातल्या एका हार्मोननं, मज्जारज्जूत तंतू वाढतात! मुलाला हे सांगितल्यावर त्याचे डोळे चमकले. पण हे तंतू समागमाच्या वेळची ठेवण धरणाऱ्या स्नायूंकडं जातात. मार लागलेली जागा ते सांधत नाहीत.

गाय अण्णांना माझ्यापेक्षा चांगली कळते. माजावर आली की दुसरी गाय पाठीवर चढली तरी हलत नाही, कंबरेवर हात ठेवला तरी शेपूट बाजूला घेते. डुकरिणीत पाठीवर भार देऊन माज ओळखायची रीतच आहे, आणि वराहाचा वास असेल तर ती आणखी पक्की उभी राहते. म्हशीत हे सगळं दबलेलं, म्हणून मुका माज आणि चुकलेलं रेतन. कुत्रीही माजात शेपूट बाजूला फिरवते. वरवर एकाच प्रकारची ठेवण. पण नाकाचा वाटा किती, मेंदूचा किती आणि रज्जूचा किती, हे प्रत्येकीत वेगळं.

कुत्र्याच्या मज्जारज्जूबद्दल एक जुनी माहिती इथं बसते. 1986 मध्ये फोर्जर आणि ब्रीडलव्ह यांनी कुत्रा आणि माणूस दोघांत ओनुफचं केंद्रक मोजलं. नरात चेतापेशी जास्त, मादीत कमी. आणि गर्भात असताना नर हार्मोन मिळालेल्या कुत्रींत त्या जास्त. म्हणजे ही संख्या बरीचशी जन्माआधीच ठरते. तिसऱ्या वर्षी अंडाशय काढल्यानं तांबीच्या ओनुफच्या पेशी गेल्या, असं समजायला आधार नाही.

मग गळती का? सरळ उत्तर द्यायचा मोह होतो: इस्ट्रोजेन गेलं म्हणून. पण निर्बीजीकरण न झालेली कुत्री सहा-सात महिन्यांतून एकदा माजावर येते, आणि मधल्या शांत काळात तिच्या रक्तातलं इस्ट्रोजेनही निर्बीज कुत्रीइतकंच कमी असतं. ती सहसा गळत नाही. अंडाशय काढल्यावर एफएसएच आणि एलएच ही मेंदूखालच्या ग्रंथीची हार्मोन्स अनेकपटींनी वाढतात, आणि ती दाबणारं औषध दिल्यानंही काही कुत्र्यांची गळती थांबते. निर्बीजीकरणानंतर वर्षभरात मूत्रमार्गाचा आवळण्याचा दाब घटतो, मोठ्या जातींत जास्त. तरी इस्ट्रोजेन देऊन बऱ्याच जणींना गुण येतो, कारण मूत्रमार्गाच्या स्नायूतले अल्फा रिसेप्टर, म्हणजे आवळायचा संदेश पकडणाऱ्या जागा, त्यानं जास्त संवेदनशील होतात. कंबरेकडून येणारा तोच संदेश मग जोरात ऐकू येतो. हा फायदा बहुतांशी झडपेपाशी होतो. रज्जूतही थोडं होत असेल, पण औषधाला गुण आला एवढ्यावरून ते वेगळं काढता येत नाही.

इंजेक्शन का नाही

अण्णांच्या मागणीला इथं स्पष्ट नकार दिला. गाईला चालणारं लांब मुदतीचं इस्ट्रॅडिओल, म्हणजे इस्ट्रोजेनचा जोरकस प्रकार, कुत्र्याचा बोनमॅरो, म्हणजे हाडातला रक्त बनवणारा मगज, मारू शकतं. आधी प्लेटलेट्स घसरतात, मग पांढऱ्या पेशी, मग रक्तक्षय. काही कुत्री त्यातून परत येत नाहीत. नको असलेला समागम झाला म्हणून पूर्वी असली इंजेक्शनं दिली जायची, तेव्हा हे वारंवार दिसलं. नर कुत्र्याच्या अंडकोषात इस्ट्रोजेन सोडणारी गाठ झाली तरी तोच प्रकार. फेरेट नावाचा मुंगसासारखा प्राणी तर स्वतःच्याच इस्ट्रोजेननं मरतो: नर न मिळाल्यानं मादीचा माज लांबला की रक्तक्षय होतो. गाय, मांजर यांना हा धोका त्या मानानं फारच कमी. हार्मोनचा रेणू एक, पण कोणत्या प्राण्याचा कोणता अवयव त्याला किती घाबरतो, हे त्या त्या जातीचं.

"म्हंजे गाईचं औषध कुत्र्याला विष?" वहिनींनी विचारलं. डोस आणि मुदत बघता, या बाबतीत हो.

इस्ट्रिऑल, म्हणजे इस्ट्रोजेनचाच सौम्य प्रकार, निवडलं. ते रिसेप्टरवर थोडाच वेळ बसतं आणि उतरतं, म्हणून बोनमॅरोचा धोका बराच कमी. अमेरिकेत 2011 मध्ये ते याच आजारासाठी कुत्रींना मंजूर झालं. आपल्याकडं माणसांच्या 1 मिलिग्रॅमच्या गोळ्या मिळतात. सुरुवातीला रोज 2 मिलिग्रॅम, हा डोस वजनावर ठरत नाही, मग जमेल तितका कमी. आधी रक्ताची पूर्ण मोजणी केली. कंबरेसाठी मुद्दाम काहीच दिलं नाही. ट्रॉली बंद, उड्या बंद, इतकंच. वेदनाशामक एकदमच सुरू केलं असतं तर कशानं काय झालं ते कळलं नसतं. दुखणं सहन होण्याजोगं होतं, चालत-खात होती, म्हणून हे परवडलं.

दुसऱ्या आठवड्यात बारदान कोरडं. सांध्यावर अंगठा दाबला की कमान मात्र तशीच. म्हणजे ज्या औषधानं झडप धरली त्यानं कंबर हलली नाही. दोन आजार दोन वाटांनी चालले होते. मग वेदनाशामकाचा छोटा कोर्स दिला, तेव्हा पाठ मोकळी झाली. इस्ट्रिऑलची गोळी काही दिवस थांबवली, बारदान पुन्हा ओलं. कंबर त्या काळात ठीक होती. मुलानं हे स्वतः वहीत लिहून ठेवलं होतं, दोन रकान्यांत, आणि त्याला जे सांगायचं होतं ते त्या रकान्यांनीच सांगितलं. उंदरांत दुखापतीच्या सुमाराला दिलेलं इस्ट्रोजेन पेशी मरणं कमी करतं हे त्याचं वाचन बरोबर. पण तांबी पडून चार महिने होऊन गेले होते, आणि तिच्या रज्जूला इजा झाल्याची खूणच नव्हती. वाचवायला तिथं काही नव्हतं. उंदरावर चाललेलं माणसावर चालेलच असंही नाही: मेंदूच्या दुखापतीत प्रोजेस्टेरॉननं जनावरांत फार आशा दाखवली, आणि 2014 मध्ये माणसांवरच्या दोन मोठ्या चाचण्यांत त्याचा काही फायदा दिसला नाही.

इस्ट्रिऑलचा एक उपद्व्याप झाला. तांबीची योनी किंचित सुजली आणि वाडीवरची दोन-तीन कुत्री शेडभोवती घिरट्या घालायला लागली. अण्णा वैतागले. "राखणीची कुत्री, आन् हिचीच राखण करायची पाळी." डोस कमी केल्यावर ते थांबलं.

निघताना वहिनी थोड्या मागं राहिल्या. "बायकांनाबी वय झाल्यावर असंच हुतंय म्हणं. मग ही गोळी..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. हा प्रश्न त्या कुठल्या तरी घरच्या माणसासाठी विचारत होत्या, हे उघड होतं. मी जनावरांचा डॉक्टर, तरी एवढं सांगणं भाग होतं की बाईला तांबीचा हिशोब लावू नका. पाळी गेलेल्या बायकांवरच्या दोन मोठ्या अमेरिकी अभ्यासांत, 2001 आणि 2005 च्या, पोटातून दिलेल्या हार्मोनच्या गोळ्यांनी लघवी गळणं वाढलं, कमी झालं नाही. योनीमार्गात लावायच्या औषधाची गोष्ट वेगळी, ते स्त्रीरोगतज्ज्ञ ठरवतील. मिरजेत, सांगलीत चांगल्या डॉक्टर आहेत, लाजून घरी बसू नका, म्हटलं. मुलाचा चेहरा पाहण्यासारखा झाला. कुत्रीला बरं करणारी गोळी बाईला बिघडवते, हे त्याच्या कुठल्याच तक्त्यात बसत नव्हतं.

सध्या तांबी 1 मिलिग्रॅमवर आहे, एक दिवसाआड. रक्तमोजणी ठरल्या वेळी होते, आतापर्यंत ठीक. थंडीत सकाळी उठताना कंबर आखडते, ती चोच तिथंच आहे. गुदद्वाराजवळची प्रतिक्षिप्त क्रिया मी प्रत्येक भेटीत बघतो. ती मंदावली, किंवा लघवी करून आल्यावरही मूत्राशय भरलेलं लागलं, तर गोळी बाजूला ठेवून मणक्याचा एमआरआय करावा लागेल, आणि त्यासाठी पुण्याला न्यावं लागेल. त्या खर्चाचं अण्णांना आधीच सांगून ठेवलंय. "बेदाण्याचा दर बघून बोलू," म्हणाले.